शाळा बंद झाली की

शाळा बंद झाल्याचा मेसेज आला तेव्हा सुखदा मेथी निवडत बसली होती. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला वर्तमानपत्रावर मेथीची जुडी, मधे फोन. फोन थरथरला, शाळेचं चिन्ह उमटलं, आणि मातीच्या बोटांनी तिने तो उघडेपर्यंत पालकांच्या ग्रुपवर रडगाणं सुरूही झालं होतं. हवा बिघडल्यामुळे पाचवीपर्यंतचे वर्ग उद्यापासून घरून, पुढची सूचना येईपर्यंत. एका बाईने लिहिलं होतं, 'मेरा ऑफिस ऑनलाइन, इनका ऑफिस ऑनलाइन, बच्चे दोनों ऑनलाइन, और घर में दरवाज़ेवाले कमरे दो.' सुखदाला हसू आलं. त्यांच्या सेक्टरात नोव्हेंबर असाच यायचा. समोरचा टॉवर दुपारपासून दिसेनासा झाला होता, कोपऱ्यातल्या हवा साफ करायच्या यंत्राचा दिवा लाल होऊन जांभळ्याकडे झुकला होता, आणि घशात कोणी खडू घासावा तशी चव होती. सवयीचं होतं सगळं. तिने मान वर न करता आत हाक मारली, "केतू, उद्यापासून शाळा घरी हं."

आतून पावलं वाजली आणि केतकी दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात रंगवायचा ब्रश होता आणि चेहऱ्यावर असा काही गंभीर सावधपणा होता की सुखदाने काडी मोडता मोडता वर पाहिलं.

"म्हणजे बंद?"

"ऑनलाइन."

"पण बंद ना? बिल्डिंग बंद? बस नाही येणार?"

"नाही येणार."

केतकीने श्वास सोडला. किती दिवसांचा धरून ठेवलेला असावा तसा. मग ती वळली, बाल्कनीचं जाळीचं दार सरकल्याचा आवाज आला, काहीतरी फरशीवरून घासत येऊ लागलं, आणि आधी वेताचा मुढा, पाठ नसलेलं बसकं आसन, मग त्याला मागून ढकलणारी केतकी अशी वरात टेबलापाशी येऊन थांबली. मुढ्यावर सहा महिन्यांची राखाडी धूळ होती. "हा पुसून दे," केतकी म्हणाली. "आबांना धूळ चालत नाही."

सुखदाच्या हातातली काडी हातात राहिली. आबा म्हणजे तिचे वडील, जयंतराव. ते मे महिन्यात वारले होते. केतकीला हे कोणी सांगितलेलं नव्हतं.

तसं ते ठरवून झालं नव्हतं. मे महिन्यात केतकी सुट्टीसाठी पुण्याला होती, सुखदाच्या नवऱ्याच्या, साकेतच्या आईवडिलांकडे. इथे दिल्लीत उन्हाचा वणवा पेटला होता, आणि हिंदूराव इस्पितळाच्या टेकडीखालच्या त्या दोन खोल्यांच्या घरात, जिथे सुखदा लहानाची मोठी झाली आणि जिथे आई वारल्यानंतरही बाबा हट्टाने एकटे राहिले, तिथे एका दुपारी शेजाऱ्यांनी बेल वाजवूनही दार उघडलं गेलं नाही. निगमबोधच्या स्मशानघाटावर सुखदाच्या चपला तापलेल्या फरशीला चिकटत होत्या, एवढंच तिला स्वच्छ आठवतं. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. कल्पनाताई व्यवहारी बाई, आवाज न चढवता माणसाला वळणावर आणणाऱ्या. "सुखदा, तिला आत्ता नको सांगूस ग. लहान आहे, घाबरेल. तेरावं होईस्तोवर इथेच राहू दे, मग तुझ्या वेळेने सांग." तुझ्या वेळेने. अस्थी घेऊन ती आणि साकेत गढगंगेला जाऊन आले, घर आवरलं, कपडे देऊन टाकले, आणि जूनमध्ये केतकी गालावर आंब्याचं पुरळ घेऊन परत आली. पहिल्या दिवशी सुखदाने विचार केला, प्रवासाने दमलीय. दुसऱ्या दिवशी ताप होता. मग शाळा. मग एका सकाळी वेणी घालताना केतकीने आरशातून विचारलं, "आबा कुठायत?" आणि सुखदाच्या तोंडून कुठून कोण जाणे, सरळ, गुळगुळीत उत्तर आलं, "पुण्याला गेलेत, आत्याआजीकडे. बरं नाहीये ना तिला." केतकीने डोकं हलवलं, वेणी सुटली. "मग शाळा बंद झाली की येतील." सुखदाच्या दातांत रबर होतं. ती म्हणाली, "हं."

वेळ मारून नेली. खोटं असं एकदा बोललं की संपलं असं माणसाला वाटतं. पण त्याला रोज खायला घालावं लागतं. आबांना व्हिडिओ कॉल लाव, असं केतकी म्हणाली की आबांचा फोन बिघडलेला असे, आणि ते पटायचंही, कारण बाबांचा फोन खरोखरच कायम बिघडलेला असायचा. गणपतीत केतकीने विचारलं, आबांनी तिकडे मोदक खाल्ले का, तर सुखदाने सांगितलं की खाल्ले, पण कळ्या नीट पडल्या नव्हत्या म्हणून नाक मुरडलं. हे सांगताना तिला स्वतःला बाबा दिसले, मोदक हातात फिरवून बघणारे. एकदा तर ती ऑफिसातून येऊन पर्स ठेवता ठेवता आपण होऊन म्हणाली, "आबांनी तुला पापा सांगितलाय." कोणी विचारलं नव्हतं. त्या रात्री साकेत तिच्याकडे पाहत राहिला. पण सुखदाला ठाऊक होतं ते त्याला ठाऊक नव्हतं. बाकी सगळ्या जगात, बँकेत, सोसायटीत, मावश्यांच्या फोनवर, बाबांचं सगळं संपलं होतं. त्यांच्या नावाआधी एक शब्द जोडून कागद तयार झाले होते. फक्त या एका मुलीसमोर बसलं की ते अजून पुण्यात होते, आत्याशी भांडत होते, चहात साखर जास्त झाली म्हणून कुरकुरत होते. दिवसभरातली ती दहा मिनिटं सुखदाला पुरायची. ती मुलीला सांभाळत नव्हती. मुलीच्या आडोशाला उभी होती.

आणि मुलगी काय करत होती? ते तिला या घटकेला, मेथीच्या वासात, एकेक करून कळत गेलं. केतकी रोज सकाळी उठल्याबरोबर त्या यंत्राच्या दिव्यापाशी जायची. हिरवा असला की न बोलता दूध प्यायची. सुखदाला वाटलं होतं, रंगांचं वेड. आणि दिवाळीत. शाळेने फटाके न वाजवण्याची शपथ दिली होती, मागच्या वर्षी कानात बोटं घालून रडणारी ही पोर, ती या वर्षी बाल्कनीच्या कठड्याला लटकून खालच्या मुलांना ओरडून सांगत होती, "भैया, और लगाओ, धुएँवाला लगाओ." खालचे हसत होते, साकेत हसला होता, आर्यन म्हणून वरच्या मजल्यावरचा मुलगा तिला चिडवत होता. ती हसत नव्हती. ती काम करत होती. शाळा बंद झाली की आबा येतात हे तिने बघितलेलं होतं. लागोपाठ दोन नोव्हेंबर तिने बघितले होते: धूर येतो, शाळा बंद होते, आणि सकाळी आबा येतात, नाकाला ओला रुमाल बांधून, हातात थर्मास घेऊन. मेट्रोने राजीव चौकापर्यंत पिवळी, तिथून निळी. सारा जन्म त्यांनी रेल्वेच्या कचेरीत वेळापत्रकं बनवण्यात घालवली होती, त्यामुळे कुठल्या डब्यात चढलं की गाडी बदलताना जिना समोर येतो हे त्यांनी नातीला तोंडपाठ करून घेतलं होतं. मग ते मुढ्यावर बसत, कॅमेऱ्यात येणार नाही इतक्या अंतरावर, आणि केतकीच्या वर्गाला तिच्याबरोबर हजर राहत. मॅडमनी बेरीज विचारली की बोटं टेबलाखाली धरत. सुखदा आतल्या खोलीत दार लावून निर्धास्त मीटिंग करत असे. मधल्या सुट्टीत ते दोघं काय खात आणि कशाला हसत हे तिला कधीच कळलं नाही.

साकेत आला तेव्हा मुढा पुसून टेबलाशी लावलेला होता. तो मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता. सरकारने कितीही घरून काम करा म्हटलं तरी प्रेस मशीन घरी आणता येत नव्हती, असं तो दर वर्षी म्हणायचा. त्याने मुढा पाहिला, केतकीचा चेहरा पाहिला, आणि बूट काढता काढता त्याचं तोंड उतरलं.

"बाबा, उद्या आबा."

"अच्छा," साकेत म्हणाला, आणि स्वयंपाकघरात येऊन त्याने नळ सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. "सुखदा, आज सांगायचं. आत्ता. मी सांगू का?"

"नको."

"मग तू सांग. यार, ती त्या मुढ्याला आता तेल लावायचीच बाकी आहे."

"उद्या सांगते. दिवसाउजेडी. आत्ता सांगितलं तर झोपणार नाही."

"उद्या तुझा रिव्ह्यू आहे ना? कृतिका आहे, ते मुंबईचे क्लायंट आहेत. कधी सांगणार, लंच ब्रेकमध्ये?"

"साकेत, माझे वडील आहेत ते."

त्याने नळ बंद केला. मग हळूच म्हणाला, "तिचेही आबा आहेत." आणि ताटं घेऊ लागला. जेवताना केतकी भरभरून बोलत होती, आबा आल्यावर काय काय करायचं ते. आणि सुखदा वरण वाढताना हो म्हणत होती, नाही म्हणत होती, एकदा हसलीही. आपल्या तोंडाची आपल्यालाच भीती वाटावी, तसं झालं होतं.

सकाळी साकेत उजाडायच्या आत निघून गेला होता. उजेड असा आलाच नाही, नुसता काळोख पातळ होत गेला. केतकी शाळेचा शर्ट आणि खाली पायजमा घालून तयार होती. टॅब टेबलावर, पेन्सिली टोकदार, मुढा रिकामा. सुखदाने चहा टाकला, दोनदा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. एकदा म्हणाली, "केतू, हे बघ." केतकीने बघितलं. सहा वर्षांच्या मुलीचे डोळे इतके मोकळे असतात की त्यात काही टाकायचं म्हणजे विहिरीत दगड टाकल्यासारखं. आवाज कधी आणि केवढा येईल याचा नेम नाही. "दूध संपव," सुखदा म्हणाली. तेवढ्यात कृतिकाचा फोन आला. कृतिका तिची वरिष्ठ, वयाने लहान, कामाला वाघीण. "सुखदा, कैमरा ऑन रखना आज, प्लीज. उनका नया डायरेक्टर है, उसको चेहरे चाहिए. और बेटी का स्कूल बंद है ना? मैनेज हो जाएगा?" सुखदा म्हणाली, "बिल्कुल." गेल्या वर्षी याच प्रश्नाला तिने म्हटलं होतं, पापा हैं ना.

रिव्ह्यू सुरू झाला. विमा कंपनीच्या दाव्यांची नवी प्रणाली, जिच्यावर सुखदाच्या गटाने वर्षभर खपून काम केलं होतं. आज ती पसंत पडली तर गट राहणार, नाहीतर माणसं इकडेतिकडे वाटली जाणार, आणि वाटपात कोणाचं नाव आधी पुसलं जातं ते बायकांना सांगावं लागत नाही. तिने झोपायच्या खोलीचं दार लावून घेतलं होतं. दारापलीकडून वर्गाचे आवाज येत होते, तीसेक मुलांचं एकसुरी गुड मॉर्निंग, मग बाईंचा उत्साही सूर. सुखदाने पहिला तक्ता उघडला. ती बोलत होती आणि बोलणं बरं चाललं होतं. तिचं एक मन वाक्यं पुरवत होतं आणि दुसरं दाराला कान लावून होतं. ते दुसरं मन म्हणत होतं, आज जेवताना. जेवून झाल्यावर मांडीवर घ्यायचं आणि सांगायचं. काय सांगायचं? देवाघरी, आकाशात, तारा. दिल्लीच्या आकाशात नोव्हेंबरात तारा कुठला. बाबांना असली भाषा आवडत नसे. आई वारली तेव्हा सुखदा कॉलेजात होती, परीक्षेला बसलेली. बाबांनी पेपर संपल्यावर तिला फाटकाबाहेर गाठून सरळ सांगितलं होतं, तिची सायकल स्वतः धरून. आपण पेपर संपायची वाट पाहिली याबद्दल ते पुढे कधी बोलले नाहीत. ती त्यांच्यावर वर्षभर चिडलेली होती.

मधेच केव्हातरी तिच्या लक्षात आलं की दारापलीकडे फक्त बाईंचा आवाज आहे. मुलं उत्तरं देतायत, नावं घेतली जातायत, पण खुर्ची सरकत नाहीये, पेन्सिल पडत नाहीये. केतकी अशी गप्प कधी नसते. गप्प असेल, लक्ष देत असेल. "केतकी? केतकी, आर यू देअर?" बाई म्हणाल्या. पुढच्या मुलाचं नाव घेतलं गेलं. सुखदा तक्त्याच्या तिसऱ्या रकान्यावर होती. नवा डायरेक्टर म्हणाला, हा आकडा कुठून आला ते जरा सांगा, आणि त्याच क्षणी बाहेर भिंतीवरचा इंटरकॉम वाजायला लागला. इंटरकॉम फक्त गेटवरून वाजतो. गेटवरून तो वाजतो पाहुणा आला की. सुखदाच्या मनात क्षणभर, निव्वळ क्षणभर, एक वेडी, उबदार गोष्ट उभी राहिली: आले. मग ती कोसळली. "सुखदा?" कृतिका म्हणाली. "सुखदा, वी कान्ट हिअर यू." इंटरकॉम वाजत होता. ती म्हणाली, "एक मिनट," आणि उठली, हेडफोनची वायर ओढली जाऊन लॅपटॉप तिरका झाला आणि मुंबईच्या लोकांना तिच्या घराचं छत दिसू लागलं.

खुर्ची रिकामी, मुढा रिकामा, टॅबवर चौकोनातली मुलं अक्षरं गिरवत बसलेली. बाहेरचं दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. रिसीव्हरमधून गेटवरचा माणूस घाईघाईने बोलला, "मैडम, बेबी यहाँ नीचे है. कह रही है नानाजी आने वाले हैं, एंट्री करा दो. अकेली आई है, मास्क भी नहीं लगाया." लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकलेली. सुखदा जिन्याने धावली. केतकीला दम्याचा त्रास होता. मागच्या थंडीत दोनदा वाफारा यंत्रावर बसवावी लागली होती. प्रत्येक मजल्यावर भिंतीला तीच गणपतीची टाइल, तेच चपलांचं कपाट. तिच्या डोक्यात एकच विचार घण घालत होता, आणि तो दम्याचा नव्हता. तिने विचारलं की आले का, तर काय सांगू?

बाहेर पडताच धूर नाकातोंडात गेला. दहा पावलांवरची झाडं पुसलेली. त्या मळकट दुधातून डिलिव्हरीवाल्यांच्या मोटारसायकली दिवे लावून येत होत्या आणि गेटवर थांबून फोन दाखवत होत्या. गेटच्या दांड्यापाशी, चौकीबाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर केतकी बसली होती. पाय जमिनीला पोचत नव्हते. शाळेचा शर्ट, पायजमा, आणि मांडीवर घडी घालून ठेवलेला, ठिबकणारा ओला रुमाल. आबांचा येताना वाळून जातो म्हणून दुसरा. गेटमधून येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या पायांकडे ती आधी बघत होती, मग चेहऱ्याकडे. सुखदाला पाहून ती उठली नाही.

"आई, मेट्रो बंद आहे का?"

किती सोपं होतं. शहरानेच पुढे करावं असं उत्तर. हो, मेट्रो बंद आहे, धुरामुळे. पुण्याची विमानं रद्द झालीत. आबांना डॉक्टरांनी दिल्लीत यायला मनाई केली आहे, फेब्रुवारीपर्यंत. एक श्वास घेण्याइतकं सोपं. फेब्रुवारीत हवा निवळेल तेव्हा बघू. तिने तोंड उघडलं, आणि घशात आलेलं ते वाक्य तिला ओळखू आलं: गोल, तयार, चांगल्या घरातलं. हेच वाक्य ती सहा महिने घडवत होती. आणि समोर ही खोकत होती. छोटा, कोरडा खोकला, हात तोंडावर धरून, शाळेत शिकवतात तसा. ही पुढच्या नोव्हेंबरातही इथे येऊन बसेल. त्यापुढच्याही.

सुखदा तिच्यासमोर खाली, पदपथाच्या कडेला बसली. "मेट्रो चालू आहे," ती म्हणाली. "आबा येणार नाहीयेत, केतू. आबा वारले."

"म्हणजे?"

दिल्लीत वाढलेल्या मुलीच्या कानावर हा शब्द कधी पडलेलाच नव्हता. जवळच एक मोटारसायकल घुरघुरत होती, गेटवरचा माणूस दुसरीकडे बघत असल्याचं दाखवत होता. आपल्या माणसाबद्दल जो शब्द कोणी उच्चारत नाही, किड्यामुंगीसाठी, कुत्र्यामांजरासाठी जो राखून ठेवलेला असतो, तो सुखदाने जिभेवर घेतला. "मेले," ती म्हणाली. "मे महिन्यात. तू पुण्याला होतीस तेव्हा. त्यांचं हृदय बंद पडलं."

केतकी तिच्याकडे बघत राहिली. रडली नाही. तिच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट मागे मागे जाताना दिसत होती, कोणी पानं उलटी उलटत जावी तशी. मोदक. फोन. पापा.

"तू म्हणालीस पुण्याला."

"खोटं बोलले."

"आणि पापा?"

"तोही मीच."

"का?"

याचं उत्तर कल्पनाताईंकडे होतं, तू लहान आहेस. साकेतकडेही काहीतरी असतं. सुखदाने रस्त्यावरच्या मोटारसायकलीचा दिवा डोळ्यांत येऊ दिला. "मला नको होतं ते मेलेले," ती म्हणाली. "तुझ्याशी बोलताना ते नसायचे. मेलेले नसायचे. म्हणून."

केतकीने हे कितपत घेतलं कोण जाणे. तिने रुमाल उलगडला, पुन्हा घडी घातली. "जाळलं?" तिने विचारलं, कारण हे तिला कुठूनतरी माहीत होतं.

"हो."

"तू होतीस?"

"होते."

"बाबा होते?"

"हो."

"मला का नाही बोलावलं?" आणि आता मात्र तिचा आवाज चिरकला, आणि तिने ओल्या रुमालाने सुखदाच्या तोंडावर मारलं, एकदा, मग पुन्हा, लागेल असं नाही पण मन लावून. "ते माझे होते. शाळा बंद असली की ते माझे असतात. मला का नाही बोलावलं?" गार पाणी सुखदाच्या गळ्यावरून आत गेलं. ती हलली नाही. चुकलं, असं म्हणावं असं तिला वाटलं, पण त्या मुलीपुढे तो शब्द फार लहान दिसला, म्हणून ती नुसती मार खात बसली. मग खोकल्याची उबळ आली आणि केतकीला थांबावं लागलं.

वर जाताना लिफ्ट मिळाली. केतकी दुसऱ्या कोपऱ्यात उभी राहिली, आरशाकडे पाठ करून. सुखदाने हात पुढे केला, तो तसाच राहिला. घरी दम्याचा पंप काढून तिने तोंडाला लावला तेव्हा केतकीने तो स्वतःच्या हातात घेतला आणि आबांनी शिकवल्याप्रमाणे श्वास आत धरून मान हलवत आकडे मोजले. आतल्या खोलीत लॅपटॉपमधून कृतिकाचा आवाज येत होता, ती सुखदाच्या जागी काहीतरी समजावून सांगत होती. तिरक्या पडद्यावर अजून छत दिसत असेल. सुखदा तिकडे गेली नाही. केतकी आपल्या खोलीत टॅब घेऊन निघाली. मुढा तिने नेला नाही. सुखदा तिच्यामागून दारापर्यंत गेली आणि चौकटीशी थांबली.

"केतकी!" बाई टॅबमधून म्हणाल्या. "वेअर वर यू, बेटा? हमने कितनी बार बुलाया. तुम तो कह रही थीं नानाजी साथ बैठेंगे, नहीं आए?"

केतकीने ओला रुमाल बाजूला सारला, माइक चालू केला आणि जशी हजेरी देतात तशा सपाट आवाजात म्हणाली, "नो मैम. माय नानाजी डाइड."

चौकोन सगळे थिजले. बाईंचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. घरात हे वाक्य पहिल्यांदा पूर्ण आवाजात बोललं गेलं होतं, आणि ते बोलणारी सुखदा नव्हती. तिला वाटलं आता पुढे होऊन टॅब बंद करावा, बाईंना काहीतरी सांगावं, पण तेवढ्यात कुठल्याशा चौकोनाभोवती हिरवी रेघ उजळली आणि एक मुलगा म्हणाला, "मैम, मेरी दादी भी." बाई म्हणाल्या, "मानस बेटा, म्यूट." दुसऱ्या कोपऱ्यात रेघ उजळली. "मैम, मेरे बड़े पापा. कोविड में." "मेरा डॉगी, मैम. वो तो अभी हुआ." "अलकनंदा, प्लीज, एव्रीवन म्यूट." पण मुलांना आता गप्प करणं बाईंच्या हातात राहिलं नव्हतं, एकामागून एक चौकोन उजळत होते, प्रत्येकाकडे कोणीतरी होतं, आणि ते सांगण्यासाठी त्यांना आजवर तास मिळाला नव्हता. केतकी पडद्याजवळ तोंड नेऊन ऐकत होती. "कब?" तिने एका मुलीला विचारलं. "तू थी उधर?" ती मुलगी विचार करून म्हणाली, "हाँ. मैंने फूल डाला था." केतकीने मान हलवली, हळूहळू, ते फूल कुठे ठेवावं ते ठरवत असल्यासारखी.

मग ती वळली नाही, नुसती म्हणाली, "आई, दार लाव."

सुखदा तशीच उभी होती.

"दार लाव ना. तुझा आवाज येतोय क्लासमध्ये."

आपण रडतो आहोत, आवाज करून, हे सुखदाला तेव्हा कळलं.